आय-थ्री: २७ इंची ४के शेजारी २४ इंची १०८०, अक्षरांचा मेळ बसत नाही

दोन_पडदे
डेबियन १२ (लिनक्स), एक्स११ या डिस्प्ले सर्व्हरवर आय-थ्री हा विंडो मॅनेजर. डावीकडे २४ इंची १९२०×१०८० (एचडीएमआय-१), उजवीकडे २७ इंची ३८४०×२१६० (डीपी-१). एक्सएफटी डीपीआय (अक्षरांचा आकार ठरवणारी सेटिंग) ९६ ठेवला की ४के वर मुंगीएवढी अक्षरं. १४४ केला की तिकडे छान, पण १०८० वर दोन टर्मिनल शेजारी धड मावत नाहीत. तरंगती खिडकी उजवीकडून डावीकडे आणली की पावणेदोनपट फुगलेली दिसते. प्रत्येक पडद्याला वेगळा डीपीआय देता येतो का?

पिक्सेलमोजणी
एक्स११ वर नाही. दोन्ही मॉनिटर मिळून एकच लांबलचक कॅनव्हास असतो आणि एक्सएफटी डीपीआय सगळ्याला एकच. म्हणून डीपीआय १४४ च ठेवा, ४के ला हात लावू नका आणि एक्सरँडआर या पडद्यांची मांडणी ठरवणाऱ्या कमांडमधून १०८० ला स्केल १.५×१.५ द्या. मग त्याचं चित्र २८८०×१६२० मध्ये काढलं जातं आणि १९२०×१०८० मध्ये आवळलं जातं.

बहुतेकांची गाडी अडते ती पोझिशनपाशी, म्हणजे कॅनव्हासवर पडदा कुठून सुरू होतो त्या आकड्यांपाशी. आकडे स्केल *नंतरचे* धरायचे. ४के ला सवयीने १९२०×० दिलंत तर ९६० पिक्सेलचा पट्टा दोन्ही पडद्यांवर उमटेल. तिथे २८८०×० हवं. खालच्या कडा जुळवायच्या तर २१६० वजा १६२०, म्हणजे १०८० ची पोझिशन ०×५४०. एफबी (पूर्ण कॅनव्हासचा आकार) ६७२०×२१६०. हे सगळं एकाच कमांडमध्ये द्या, दोन तुकड्यांत नको.

डीपीआय बदलल्यावर नवा आकडा एक्सआरडीबीने (एक्सच्या सेटिंग्ज भरणारी कमांड) मर्ज करून आय-थ्री जागच्या जागी रीस्टार्ट करा. उघडी ॲप्स मात्र बंद करून पुन्हा उघडावी लागतात.

१०८० वर अक्षरं किंचित मऊ दिसणार, त्याला इलाज नाही. कुणी फिल्टर निअरेस्ट (आवळताना फक्त जवळचा पिक्सेल उचलणारा) सुचवला तर ऐकू नका: तीन रांगांतली एक गळते, आणि बारीक देवनागरीत शिरोरेषा एका ओळीत दिसते, पुढच्या ओळीत गायब.

दोन_पडदे
अक्षरं जमली! पण १०८० वर माउस दोन तृतीयांश अंतरावर अदृश्य भिंतीला आपटतो, उजवीकडे आणि खालीही. शिवाय केबल काढून लावली की सगळं मूळपदावर.

मॉडशिफ्टआर
माउसची हद्द अजून जुन्या १९२०×१०८० चीच धरली जातेय. त्याच कमांडमध्ये एचडीएमआय-१ ला पॅनिंग २८८०×१६२०+०+५४० जोडा.

केबलसाठी ऑटोरँडआर. मांडणी नीट बसली की एकदा सेव्ह करा. तो मॉनिटर ईडीआयडीवरून (मॉनिटर स्वतःच पाठवतो ती ओळख) ओळखतो आणि स्केलही लक्षात ठेवतो. आय-थ्रीच्या कॉन्फिगमध्ये प्रत्येक वर्कस्पेसला (आभासी डेस्कटॉपला) आउटपुट, म्हणजे मॉनिटरचं पोर्ट, नेमून द्या, पुढे पर्यायी आउटपुटचं नावही लिहा. ट्रे (छोट्या आयकॉनची पट्टी) आउटपुट प्रायमरी ठेवा आणि एक्सरँडआरमध्ये डीपी-१ ला प्रायमरी करा, नाहीतर ट्रे भलतीकडे उगवतो.

आउटपुटची नावं दुसऱ्याच्या कॉन्फिगमधून उचलू नका. एक्सचा सर्वसाधारण मोडसेटिंग ड्रायव्हर ज्याला डीपी-१ म्हणतो, तेच एएमडीच्या ड्रायव्हरखाली डिस्प्लेपोर्ट-० असू शकतं. नाव चुकलं की वर्कस्पेसची ओळ मुकाट्याने वाया जाते.

वेलँडकर
एवढी कसरत कशाला? स्वे या, एक्स११ ऐवजी वेलँडवर चालणाऱ्या विंडो मॅनेजरमध्ये स्केल प्रत्येक आउटपुटला वेगळा देता येतो आणि आय-थ्रीचं कॉन्फिग बरंचसं तसंच चालतं. फक्त हिशेब उलटा: इथे ४के ला स्केल १.५, म्हणजे स्वेच्या लेखी तो २५६०×१४४० चा. १०८० स्केल १ वर, पोझिशन ० ३६०. ४के ची १९२० ०. एक्सरँडआरच्या ओळी काढून टाका.

पिक्सेलमोजणी
मान्य, पण एक्सवेलँडमधून (एक्स११ ची ॲप्स वेलँडवर चालवणारा थर) चालणारी ॲप्स स्वेमध्ये ४के वर धूसर दिसतात, आणि तोच तर चांगला पडदा. तुमची रोजची ॲप्स वेलँडवर थेट चालत असतील तरच जा.

आणि दोन्हीकडे केबलची अदलाबदल टाळा. एचडीएमआय १.४ च्या पोर्टवर ४के ३० हर्ट्झवरच अडकतं, माउस ओढल्यासारखा चालतो आणि दोष विनाकारण स्केलला जातो.