मदत हवी आहे: सिक्युअर बूट चालू ठेवून उबुंटूवर गेम खेळता येतील का?

नमस्कार मंडळी. घणसोलीला भाच्याचा पीसी आहे, विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ (लिनक्स) शेजारी-शेजारी. बहुतेक गेम तो उबुंटूवर स्टीमच्या प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) खेळतो, पण व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही आणि विंडोज ११ वर त्याला सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. म्हणून बायोसमध्ये ते चालू केलं. (बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की आधी लिहून घेतली, तुम्हीही घ्या.)

आता उबुंटूत एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोड होत नाही. तो डीकेएमएसने (कर्नलप्रमाणे ड्रायव्हर बांधून देणारं साधन) याच मशीनवर बांधलेला आहे, आणि त्यावरची सही फर्मवेअरला ओळखीची नाही. मॉडप्रोब (ड्रायव्हर लोड करायची कमांड) केलं की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ एवढंच येतं. मोकयुटिल कमांडने सहीची की इम्पोर्ट केली, पासवर्डही दिला. पण रीस्टार्टनंतर एनरोल एमओकेचा (एमओके म्हणजे मशीनच्या मालकाने स्वतः नोंदवलेली की) निळा पडदा येतच नाही, थेट विंडोज उघडतं! बूट ऑर्डरमध्ये विंडोज वर असल्यामुळे शिमची (सिक्युअर बूटमध्ये उबुंटू सुरू करणारा पहिला छोटा प्रोग्रॅम) पाळीच येत नसेल, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर उबुंटू वर आणून इम्पोर्ट पुन्हा करावं लागेल का? आणि दर कर्नल अपडेटला हीच कसरत?

दुसरं, सिक्युअर बूटसाठीची मायक्रोसॉफ्टची २०११ची सर्टिफिकेट्स जून २०२६ पासून संपतात. २०२३ची नवी एफडब्ल्यूयूपीडीने (लिनक्सवरून फर्मवेअर अपडेट करणारं साधन) घ्यावीत की बायोस अपडेटने? ‘सिक्युअर बूट बंद कर’ हा सल्ला कृपया नको. पोराच्या त्याच मशीनवर घरचं बँकिंगही चालतं.