इंग्लिश खाडीपलीकडचा वीकएंड, स्वतःच्या गाडीने: अनुभव धागा

मेडस्टनकर
शुक्रवारी किंवा शनिवारी पहाटे इंग्लंडातून निघायचं, रविवारी रात्री घरी, गाडी आपलीच. हे करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा. प्रवासवर्णनं इतरत्र भरपूर आहेत. इथे नेमकं लिहा: कुठून पार करायचं, कुठे जायचं, कुठे अडतं.

माझं पहिलं सांगणं: ठिकाण नंतर, आधी तास मोजा. पलीकडे उतरल्यावर दीड तासापेक्षा जास्त गाडी चालवावी लागत असेल तर दोन रात्रींसाठी ते ठिकाण सोडा. कॅलेपासून बूलोन साधारण ३५ किमी, सेंतोमेर ४५, लील ११०, ब्रूज १२०. गेंट १६५, म्हणजे काठावर. शँपेनचं रँस २७० आहे, त्याला तीन रात्री हव्यात. आणि पॅरिसला गाडी नेऊच नका. त्यासाठी सेंट पँक्रासहून युरोस्टार आहे.

बोगदा की बोट? बोगद्याची रेल्वे (आपली गाडी तिच्यात चढवायची) फोकस्टनहून, एम२० हायवेच्या जंक्शन ११ए वरून थेट आत, पलीकडे पोचायला ३५ मिनिटं. भाडं माणशी नसून गाडीमागे असतं, त्यामुळे आई-वडील आणि मुलं धरून पाच जण असतील तर ते वाटतं तितकं महाग पडत नाही. डोव्हर–कॅले बोट दीड तास, डोव्हर–डंकर्क दोन तास. ब्रूज किंवा गेंटला जायचं असेल तर डंकर्कची बोट जरूर बघा. बोटीत अर्धा तास जास्त जातो, पण उतरता तेव्हा तुम्ही थोडे पुढे असता आणि चालवणाऱ्याची पाठ मोकळी झालेली असते.

पलीकडचं घड्याळ एक तास पुढे. इथून रात्री आठला सुटलेली बोगद्याची रेल्वे तिथे ९:३५ला पोचते. लहान फ्रेंच हॉटेलात तोवर रिसेप्शनला कुणी नसतं, म्हणून दाराचा कोड आधीच मागवून ठेवा.

हॅरोवाली
भारतीय पासपोर्ट असेल तर तास मोजण्याआधी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक). इथे सगळ्यात जास्त चूक होते ती कोणत्या देशाचा मागायचा यात. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. एक रात्र फ्रान्स, एक बेल्जियम असं सारखं होत असेल तर जिथे आधी प्रवेश, त्या देशाकडे, म्हणजे कॅलेमार्गे जाणाऱ्यांनी फ्रान्सकडे. दोन्ही रात्री ब्रूजला असतील तर बेल्जियमकडे. त्या व्हिसावर फ्रान्समधून जाता येतं.

अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण खरी अडचण अपॉइंटमेंट मिळण्याची असते. मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना शून्य. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. मल्टिपल एंट्रीच मागा आणि अर्जासोबतच्या पत्रात पुढच्या सहली स्पष्ट लिहा.

पासपोर्ट नवा केला असेल तर तो यूकेव्हीआय (ब्रिटिश व्हिसा विभाग) खात्यात जोडलाय का ते निघण्याआधी बघा. ई-व्हिसा जुन्या पासपोर्टला चिकटलेला राहिला तर परतताना तपासणी लांबते.

फोकस्टन आणि डोव्हरला फ्रेंच तपासणी इंग्लंडच्या बाजूलाच होते. पलीकडे उतरलात की सरळ हायवे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने युरोपची नवी नोंदणी सुरू झाली आहे: फोटो आणि बोटांचे ठसे, बारा वर्षांखालच्यांचे ठसे नाहीत. शेंगेन व्हिसावर जाणाऱ्यांनाही ती लागू आहे. पहिल्या फेरीला तासभर जादा धरा.

तिठा
गाडीचं सामान. वॉर्निंग ट्रँगल, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, मागे यूके स्टिकर (जुनं जीबी २८ सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही), व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) मूळ प्रत, लायसन्स, विम्याचे कागद. जॅकेट माणशी एक घ्या आणि डिकीत टाकू नका. गाडीतून उतरण्याआधी ते अंगात हवं, म्हणून सीटखाली किंवा दाराच्या कप्प्यात. श्वासतपासणीचं किट फ्रान्समध्ये आता सक्तीचं नाही, दुकानदार अजून खपवतात.

विमा: बहुतेक पॉलिसी युरोपात आपोआप फक्त थर्ड पार्टी होतात. पूर्ण संरक्षण किती दिवसांचं, ते लेखी विचारा. गाडी लीजवर असेल तर व्ही५सीऐवजी व्हीई१०३ (भाड्याची गाडी परदेशी नेण्याचा दाखला) लागतं आणि ते लीज कंपनीमार्फत यायला वेळ लागतो.

हेडलाइट. आपल्या गाडीचा डिप्ड प्रकाश डावीकडे वर उचललेला असतो, तिकडे तोच समोरच्याच्या डोळ्यात जातो. त्यासाठी काचेवर लावायच्या पट्ट्या मिळतात. दिवे थंड आणि काच कोरडी असताना लावा, पाकिटावरचा आपल्या मॉडेलचा नकाशा बघून. अंदाजाने मध्यभागी चिकटवली तर उजेडच जातो. घरी आल्यावर लगेच काढा. गोंद उष्णतेने प्लास्टिकवर भाजला की निघत नाही. नवीन एलईडी गाड्यांत मेन्यूमध्येच पर्याय असतो, तिथे पट्टी लावायची गरज नाही.

छतावर बॉक्स असेल तर उंची मोजून बुक करा. १.८५ मीटरच्या वरच्या गाड्या बोगद्यात वेगळ्या डब्यात जातात. एलपीजीवर चालणारी गाडी बोगद्यात घेतच नाहीत, तिला बोट.

गुळपोळी
सोबतच्या डब्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुग्धपदार्थ नेता येत नाहीत. दही, पनीर, पेढे, श्रीखंड, तूप, सगळं यात आलं. तान्ह्या बाळाच्या दुधाला सूट आहे. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, अपवाद केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन. म्हणजे कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवा. तेलावरचे थेपले, लसणीची कोरडी चटणी, दाण्याची चटणी, चिवडा, चकल्या, पोळीचा लाडू तेलगुळाचा: हे निर्धास्त.

परतीलाही तसंच. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपातून ब्रिटनमध्ये स्वतःपुरतंही चीज, लोणी किंवा मटण आणायला बंदी आहे. जनावरांच्या लाळ्या-खुरकुतामुळे. ‘पॅकबंद आहे’ हे कारण चालत नाही. चीज तिथेच खा. पाव, बिस्किटं, चॉकलेट आणता येतं. वाइन माणशी १८ लिटर आणि बिअर ४२ लिटरपर्यंत करमुक्त.

शाकाहारींनी शनिवारी दुपारीच सुपरमार्केट उरकावं. रविवारी दुपारनंतर फ्रान्समध्ये बहुतेक बंद, आणि जेवणाची वेळ दोनला संपली की संपली.

स्लाऊ-सातारा
रस्त्याबद्दल.

उजवीकडून चालवायची सवय हायवेवर पंधरा मिनिटांत होते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: सकाळी हॉटेलातून निघताना, पेट्रोल भरून बाहेर पडताना. समोर गाडी नसते, हात आपोआप डावीकडे वळतो. डावीकडे बसलेल्याने अशा प्रत्येक वळणाला मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, हे आधी ठरवून ठेवा.

उजवीकडून येणाऱ्याला अग्रक्रम, हा नियम फ्रान्स आणि बेल्जियम दोन्हीकडे जिवंत आहे. खूण नसलेल्या चौकात उजव्या बोळातून सायकल, ट्रॅक्टर, काहीही न थांबता येतं आणि चूक तुमची ठरते. पांढऱ्या कडेचा पिवळा हिरा दिसला की तुमचा रस्ता मुख्य. त्यावर काळी तिरकी रेघ आली की तो हक्क संपला.

फ्रान्समध्ये हायवेवर १३०, पावसात ११०. साध्या रस्त्यावर बहुधा ८०. लायसन्स तीन वर्षांच्या आतलं असेल तर हायवेवर कायम ११०. बेल्जियमच्या हायवेवर १२०, फ्लँडर्सच्या साध्या रस्त्यावर ७०. स्पीड कॅमेऱ्याची सूचना देणारं ॲप फ्रान्समध्ये बेकायदा आहे, निघण्याआधीच सेटिंग बंद करा.

टोल: वर दिलेल्या बहुतेक ठिकाणांना लागतच नाही. ए१६ बूलोनपर्यंत आणि बेल्जियमच्या सीमेपर्यंत मोफत, डंकर्क–लील ए२५ मोफत, बेल्जियमचे हायवे मोफत. ए२६ने दक्षिणेला गेलात की तिकीट घ्यावं लागतं, आणि यंत्र डावीकडे. डावीकडे कुणी बसलेलं असेल तर ठीक. एकटे असाल तर उतरून बोनेटला वळसा घालावा लागतो, तेव्हा गाडी यंत्राला घासून उभी करू नका, चालायला जागा ठेवा.

फ्लँडर्समध्ये शिरताच फलकांवरची नावं बदलतात. लीलचं रैसल होतं, डंकर्कचं डाउनकेर्के, ईप्रचं ईपर. नॅव्हिगेशन एका भाषेत आणि फलक दुसऱ्या, यात लोक वळण चुकवतात. गेंट आणि अँटवर्पच्या आतल्या भागात ब्रिटिश गाडीची आधी ऑनलाइन नोंदणी लागते, मोफत आहे, पण न केल्यास दंड घरी येतो. ब्रूजला ती नाही. तिथे गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये टाका, मध्यवस्तीच्या मानाने बरीच स्वस्त.

पंपावर हिरव्या-काळ्या नळीवर विसंबू नका. वर्तुळात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल.

मेडस्टनकर
@गुळपोळी, कढीपत्त्याचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद.

ठिकाणांमध्ये एक माझ्याकडून. न्यव-शापेल. ईपरला जाताना थोडी वाट वाकडी करून होतं, तिथून पुढे ईपर पाऊण-एक तास. चौरस्त्यावरच पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं भारतीय स्मारक आहे, ७ ऑक्टोबर १९२७ रोजी उघडलेलं, हर्बर्ट बेकरच्या आराखड्याचं. पंधरा मीटरच्या आसपास उंच खांब, वर कमळ, दोन बाजूंना दगडी वाघ, आणि गोल भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं, ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची. खांबाच्या पायाशी इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीसोबत देवनागरीतही ओळ कोरली आहे. फ्रान्सच्या सपाट शेतात ती अक्षरं वाचायला थांबाच.

आपल्याशी नातं आहे ते खडकीच्या सॅपर्सचं. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावावर ४७व्या शीख पलटणीबरोबर २० आणि २१ क्रमांकाच्या सॅपर कंपन्या चालून गेल्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी माणसं संगिनी लावून गल्लीबोळांत लढली, आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. घरातलं नाव शोधायचं असेल तर युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीनुसार आधीच काढून ठेवा. रोमन लिपीत स्पेलिंग वाटेल तसं असतं, तीन-चार प्रकारे शोधा.

पार्किंग अगदी थोडं, रस्ता वेगवान. मुलांना रस्त्याच्या बाजूने उतरवू नका. संध्याकाळी ईपरच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली रोज ८ वाजता लास्ट पोस्ट (मृत सैनिकांसाठीची बिगुलधून) वाजतो, अर्धा तास आधी पोचलात तर पुढे उभं राहायला मिळतं.

तिठा
परतीचं राहिलं. बोगद्याची किंवा बोटीची वेळ स्थानिक असते, फोनचं घड्याळ आपोआप बदललंय का बघा. रविवारी संध्याकाळी ४ ते ८ टाळा, दुपारची किंवा रात्री ९ नंतरची वेळ घ्या. फ्रेंच आणि ब्रिटिश दोन्ही तपासण्या तिकडेच होतात, त्यामुळे गाडी सुटण्याच्या किमान दीड तास आधी. पेट्रोल कॅलेच्या अलीकडे भरा. एम२०वरून एम२५ धरून डार्टफर्डमार्गे (थेम्स ओलांडून) जाणाऱ्यांनी तिथलं शुल्क दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचं. रात्री १० ते सकाळी ६ ते लागत नाही.