मोतीबिंदू विरघळवणारे थेंब खरंच असतात का? आप्पांसाठी विचारतोय

चोपड्याचा_केळीवाला:
आमचे आप्पा ७२ वर्षांचे. तापीकाठाला केळी आहे, पहाटे पाचला अजूनही बागेत असतात. या पावसाळ्यात पानांवर करपा आला आणि आप्पांना तो दिसलाच नाही. बांधावरून पान बघून रोग ओळखणारा माणूस पान नाकाशी धरून उभा होता. मला बघवलं नाही. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजवा आधी करू म्हणाले. आप्पांचं एकच, "पिकू दे, मंग काढसूत." त्यात मेव्हण्याने व्हिडिओ पाठवला की अमुक थेंब तीन महिने टाका, मोतीबिंदू विरघळतो. बाटली साडेतीन हजारांची. हे खरं आहे का? आणि सत्तर वर्षं चाललेलं भिंग आताच का धुरकट होतं?

धुळ्याची_सून:
भाऊ, नका लागू नादी. माझ्या सासऱ्यांनी असेच थेंब वर्षभर टाकले. तोवर मोतीबिंदू इतका कडक झाला की मोठी चीर द्यावी लागली, टाके पडले. पैसे गेले ते वेगळेच.

भिंगवाली_जळगाव:
दादा, मी एम.एस्सी.नंतर चार वर्षं प्रयोगशाळेत डोळ्याच्या भिंगातल्या प्रथिनांवरच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या कातडीच्या पेशी झडतात, नव्या येतात. भिंगात तसं होत नाही. प्रकाश अडू नये म्हणून तिथल्या तंतुपेशी आपलं केंद्रकसुद्धा टाकून देतात. रक्तवाहिन्या नाहीतच. केंद्रक गेलं की नवं प्रथिन बनवायची सोय संपली. म्हणजे आप्पांच्या भिंगाच्या अगदी मध्यावर जे प्रथिन आहे, ते आप्पा आईच्या पोटात असताना बनलेलं आहे, ७२ वर्षांहून जुनं. ग्रीनलंड शार्कचं वय २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी याच आधारावर काढलं, भिंगाच्या गाभ्यातला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) मोजून.

या प्रथिनांना क्रिस्टॅलिन म्हणतात. मुख्य प्रकार तीन: अल्फा, बीटा, गॅमा. भिंगाच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा जास्तच प्रथिन असतं, इतकी दाटी, तरी आरपार दिसतं. का? अमेरिकेतल्या जोसेफ हॉर्विट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवलं की अल्फा क्रिस्टॅलिन राखणदाराचं काम करतं. बीटा-गॅमा तापवले की त्यांच्या गुठळ्या होतात, द्रावण दुधाळ होतं. सोबत अल्फा असेल तर ते बिघडू लागलेल्या रेणूला धरून ठेवतं, गुठळी होऊ देत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेत मोहन राव यांच्या गटानेही याच अल्फावर खूप काम केलं आहे.

मी हा प्रयोग स्वतः केला आहे. दोन नळ्या एकाच गरम पाण्यात. एक बघता बघता ताकासारखी झाली, दुसरीतून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. तो दिवस मी विसरले नाही.

पण हा राखणदारही नव्याने येत नाही. आहे तो एकेका बिघडलेल्या रेणूला धरत धरत खर्ची पडतो. उन्हातली अतिनील किरणं, ऑक्सिडेशन, मधुमेहात साखरेपासून बनून भिंगात साचणारं सॉर्बिटॉल, सगळ्यांचा मारा चालूच. पुरेसं अल्फा उरलं नाही की गुठळ्या वाढतात आणि प्रकाश विखुरतो. तेच आप्पांच्या डोळ्यासमोरचं धुकं.

थेंबांबद्दल. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या पदार्थाने कुत्र्यांचा मोतीबिंदू कमी झाल्याचा शोधनिबंध आला, मीही तो आशेने वाचला होता. पण भारतातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये काढलेले माणसांचे मोतीबिंदू त्याच पदार्थात बुडवून ठेवले, तर ते निवळले नाहीत. २०१९ च्या तपासणीतही निराशाच. माणसाचा मोतीबिंदू विरघळवतो असं सिद्ध झालेलं औषध आज बाजारात नाही. साडेतीन हजार वाचवा.

आणि "पिकू दे" हे जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळचं. आता कामात अडचण येऊ लागली की करायचं. जास्त पिकला तर काढायला अवघड, वर धुळ्याच्या ताईंनी लिहिलंच आहे.

चोपड्याचा_केळीवाला:
ताई, आप्पांना सगळं वाचून दाखवलं. आईच्या पोटातलं प्रथिन अजून डोळ्यात आहे म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, तारीख घे. पुढच्या मंगळवारची मिळाली. विचारताहेत, काढलेलं भिंग बघायला मिळेल का?

भिंगवाली_जळगाव:
फेको, म्हणजे बारीक चिरेतून करायचं ऑपरेशन, असेल तर भिंग आतच फोडून ओढून घेतात, अख्खं हाती येत नाही. शुगर आधी तपासून घ्या. नंतर काही आठवडे बागेत पाठवू नका, धूळ-माती डोळ्यात जायला नको. आणि ऑपरेशननंतर डॉक्टर जे थेंब देतील, ते मात्र एकही वेळ न चुकवता टाका.