ब्रिज, कॅप की इम्प्लांट? तुमचे अनुभव लिहा

आईची खालची डावीकडची दाढ मुळाशी तडकली होती, काढावी लागली. आमच्या मुलुंडच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ब्रिज सुचवला, म्हणजे शेजारच्या दोन दाढा घासून त्यांच्यावर कॅप घालायची आणि त्यांच्या आधाराने मधली नकली दाढ बसवायची. ठाण्यात दाखवलं तर तिथे म्हणाले इम्प्लांटच करा, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दाढ. दोघांचंही म्हणणं ऐकताना पटतं. आई सासष्ट वर्षांची, मधुमेह आहे, आणि एका बाजूने चावून तिचा जबडा दुखायला लागलाय. तुम्ही किंवा घरच्यांनी काय केलं, पुढे काय झालं, ते सविस्तर लिहाल का? ठिकाणही सांगा.

गिरगाव
माझा ब्रिज दहा-बारा वर्षं छान चाललाय. पण माझ्या शेजारच्या दोन्ही दाढांना आधीच रूट कॅनल होऊन कॅप बसल्या होत्या. म्हणजे त्या तशाही घासलेल्याच. त्यांच्यावरच मधली दाढ तोलली, चांगला दात कुठलाच खर्ची पडला नाही. आईंच्या बाजूच्या दाढा कशा आहेत, ते आधी बघा. आणि ब्रिज केलात तर सुपरफ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा खास दोरा, लागेलच. त्याचं एक टोक ताठ असतं, ते सुईत दोरा ओवावा तसं ब्रिजखालून घालायचं आणि मधला फुगीर भाग पुढेमागे ओढायचा. चूळ भरून, ब्रश करूनही मला तिथून पोह्यातली मोहरी निघते. रात्री हे न करता झोपायचं नाही.

बोरिवली
गिरगावकरांशी शंभर टक्के सहमत, कारण आमच्याकडे नेमकं उलटं झालं. मिस्टरांच्या दोन्ही बाजूच्या दाढा धडधाकट होत्या. ब्रिजसाठी त्या घासल्या. काही वर्षांनी मागच्या दाढेला कॅपच्या आत कीड लागली. ब्रिज अखंड असतो, त्यामुळे सगळाच कापून काढावा लागला, आणि ती दाढही गेली. म्हणजे एका दाताच्या जागी दोन गेले. घासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, परत येत नाही, हे सुरुवातीला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. याचा मला आजही राग येतो.

लालबाग
या धाग्यात कॅपबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मूळ शाबूत असेल तर ब्रिज-इम्प्लांटचा प्रश्नच येत नाही. वडिलांची दाढ अर्धी तुटली होती, एका ठिकाणी "काढून टाका, इम्प्लांट करू" म्हणाले. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात दाखवली. हिरडीच्या वर पुरेसा भाग शिल्लक होता. रूट कॅनल, पोस्ट (मुळात बसवलेली आधाराची खुंटी) आणि वर कॅप, दाढ वाचली. शिकणारे डॉक्टर प्रत्येक पायरी वरिष्ठांकडून तपासून घेतात, तेव्हा वेळ हाताशी ठेवून जा. मागची दाढ म्हणून धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप घेतली. पुढच्या दातांना तशी कॅप बसवली तर हिरडी सरकल्यावर कडेला काळी रेघ दिसू शकते, तिथे लोक झिर्कोनियाची, म्हणजे आत धातू नसलेली पांढरी कॅप घेतात.

विलेपार्ले
मी दंतवैद्य आहे. मुलुंडच्या ताई, मधुमेह म्हणून इम्प्लांट बाद होत नाही, अनियंत्रित मधुमेह असेल तर मात्र थांबावं लागतं. ताजा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. हाडांच्या ठिसूळपणासाठी आई गोळ्या किंवा इंजेक्शनं घेत असतील तर ते आवर्जून सांगा. या वयात अनेकींना ती चालू असतात, आणि दातांच्या डॉक्टरांना ते सांगायचं राहून जातं. त्यातल्या काही औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला अडचण येते.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, तो हाडाशी एकजीव व्हावा लागतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने थांबतात, वरच्यात बहुधा जास्त, कारण तिथलं हाड मऊ असतं. दात काढल्यावर हाड झिजत जातं, म्हणून निर्णय वर्षानुवर्षं लांबवू नका. सांगितलेल्या रकमेत वरची कॅप आणि सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) धरलंय का, हेही विचारा. कंपनी आणि मापाची नोंद असलेलं कार्ड जपून ठेवा. पुढे स्क्रू ढिला झाला तर दुसऱ्या डॉक्टरला त्याशिवाय अवजार जुळवणं कठीण जातं.

भांडुप
माझा वरच्या दाढेचा इम्प्लांट. वर सायनसची पोकळी असते, हाड कमी पडलं, म्हणून सायनस लिफ्ट करून हाडाची भर घातली. खर्च वाढला, थांबणंही वाढलं. शस्त्रक्रियेपेक्षा तंबाखू सोडणं कठीण गेलं, पण डॉक्टरांनी त्याशिवाय हात लावायला नकार दिला आणि मी त्यांचा ऋणी आहे. आता भाकरी, चणे, सगळं त्या बाजूने चावतो. कीड लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं. सफाईला नियमित जातो.

परळ
आमच्या सासूबाईंनी यातलं काहीच केलं नाही, "एका दाढेवाचून काय अडतंय" म्हणत जागा तशीच ठेवली. वरची दाढ हळूहळू खाली उतरली, मागची पुढे कलली. आता ब्रिज म्हणा, इम्प्लांट म्हणा, खाली कॅप मावेल एवढी उंचीच उरलेली नाही. आधी वरच्या दाढेचं रूट कॅनल करून ती घासून कॅप बसवायची, मग खालचं बघू, असं डॉक्टर म्हणालेत.