‘लिमिटेशन’ म्हणजे मर्यादा की मुदत?

अमळनेरकर: वडिलांनी गावातल्या एकाला हातउसने पैसे दिले होते. चार वर्षं झाली, म्हणून वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तरात वाक्य आलं, ‘आपल्या मागणीस मर्यादेची बाधा येते.’ वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “माझेच पैसे मागितले, त्यात मी कोणती मर्यादा सोडली?” त्या दिवशी ते जेवले नाहीत. हे इंग्रजी ‘लिमिटेशन’चं भाषांतर आहे हे मला नंतर कळलं. आमचं उत्तर मराठीतच जाणार आहे. नेमका शब्द कोणता लिहू?

धुळे, वकिली: मुदत. १९६३ चा लिमिटेशन ॲक्ट आमच्याकडे मुदतीचा कायदाच. दावा मुदतीत असतो, नाहीतर मुदतबाह्य. परतीची तारीख ठरली नसेल तर हातउसन्याला पैसे दिल्यापासून तीन वर्षं. पण त्या तीन वर्षांच्या आत समोरच्याने देणं कबूल करून सही केली असेल, तर सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. घरात जुनी चिठ्ठी आहे का बघा.

शिरपूरचा मास्तर: मुदत अरबीतून आलेला. हिंदीत याच कायद्याला परिसीमा अधिनियम म्हणतात. मराठीने तो शब्द घ्यायला काय हरकत आहे?

धुळे, वकिली: मराठीत दुःखाची परिसीमा होते, गुरुजी. आणि मुदत अरबी म्हणून काढायची, तर वकील, दावा, तारीख हेही काढा. मग कोर्टात बोलायचं कशात?

जळगाव: माझ्या एम.एड.च्या प्रबंधात एक प्रकरण होतं, ‘व्याप्ती, मर्यादा व परिमर्यादा’. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी फरक विचारला आणि मी अडखळले. आज सांगू शकते: फक्त जळगाव तालुक्यातल्या शाळा घेतल्या, ही परिमर्यादा, ती मीच आखली. काहींनी प्रश्नावली परतच केली नाही, ही मर्यादा, ती माझ्या हातात नव्हती. फरक खरा आहे, पण ‘परि’ लावून तो कानाला कळत नाही. ‘आखलेली हद्द’ आणि ‘उणीव’ असं लिहिलं असतं तर मी अडखळले नसते.

शिरपूरचा मास्तर: हद्दही अरबीच.

चाळीसगाव: इंग्रजी लिमिटच्या मुळाशी लॅटिन ‘लिमेस’ आहे. अर्थ, दोन शेतांमधली वाट, म्हणजे आपला बांध! माझे आजोबा बैलगाडी थांबवून सांगायचे, “आठे गावनी शीव शे.” शीव हा सीमेचाच घरचा अवतार. मला तर लिमिटला शीव हाच शब्द जवळचा वाटतो.

भुसावळ: पतसंस्थेच्या पाटीवरचं ‘मर्या.’ विसरलात. तिथे मर्यादा म्हणजे सभासदाची जबाबदारी त्याच्या भागाच्या रकमेपुरती. मर्यादा शब्द पैशांच्या व्यवहारात आपण रोज वाचतो, तेव्हा त्याला नुसता शिष्टाचाराचा समजणंही बरोबर नाही.

अमळनेरकर: पाटीवर चालतो. वडिलांसारख्या माणसाला पत्रात लिहिला की टोचतो, एवढंच माझं म्हणणं. चिठ्ठी सापडली! सही आहे, तारीख नाही.

धुळे, वकिली: तारीख नसली तरी सही कधी झाली ते साक्षीने सांगता येतं. चिठ्ठी लिहिताना कोण हजर होतं ते आजच वडिलांना विचारा.

मुक्ताईनगर: चाळीसगावकर, बांध आणि शीव एक करू नका. शीव गावाची, बांध शेताचा. आणि आमच्याकडून मलकापूरच्या बाजूला गेलात तर बांधाला धुरा म्हणतात.

चाळीसगाव: धुरा म्हणजे बैलाच्या मानेवरचा ना?

मुक्ताईनगर: नाही, शेताचा. आमच्या मामांचं धुऱ्यावरून भाऊबंदांशी वीस वर्षं बोलणं नव्हतं.