बीपी आणि श्वासाचे व्यायाम: नाशिककरांनो, अनुभव लिहा

मंडळी, माझं बीपी सीमेवर आहे. डॉक्टरांनी मीठ, वजन आणि चालणं यांवर भर द्यायला सांगितलंय, त्याला मी मंद श्वासाची जोड दिली आहे. मिनिटाला साधारण सहा श्वास, सोडताना जास्त वेळ. श्वास मंद झाला की मानेतल्या रक्तवाहिन्यांतली दाब ओळखणारी यंत्रणा जास्त तत्पर होते, नाडी उतरते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. तुम्ही काय करता? फरक पडला नसेल तर तेही लिहा.

गंगापूर रोड, निवृत्त शिक्षिका: माझा भर भ्रामरीवर. अंगठ्यांनी कान बंद, ओठ मिटलेले पण दात एकमेकांना न टेकवता, आणि श्वास संपेपर्यंत 'म्'चा गुंजारव. नीट जमला की कंपनं टाळूला नि कपाळाला जाणवतात. आमच्या वर्गात बाईंनी आधी बीपी विचारलं आणि कपालभाती, भस्त्रिका, कुंभक मला बंदच केले. जोरात किंवा रोखून करायचं काहीही बीपीवाल्यांनी मनाने करू नये, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते.

सातपूर, कारखान्यात पाळ्या: रात्रपाळीच्या आठवड्यात माझा आकडा चढतोच. कंपनीच्या बसमध्ये सीटवर ताठ बसून चार आकडे मोजत श्वास घेतो, सहा मोजत सोडतो. त्र्यंबक रोडच्या ट्रॅफिकमध्येही जमतं. गोळी सुरूच आहे, पण घरी पोचल्यावर झोप लवकर लागते. माझ्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट.

सिडको: वडिलांनी अनुलोम-विलोम मन लावून केलं, आकडा हलला नाही. मग डॉक्टरांनी मोजायची पद्धत विचारली. बाबा जिना चढून, चहा घेऊन, पायावर पाय टाकून मोजायचे. आता चहानंतर अर्धा तास थांबतात, पाच मिनिटं शांत बसतात, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. आकडे बरेच स्थिर झाले. श्रेय श्वासाला द्यायचं की मोजण्याला, मला सांगता येणार नाही.

पंचवटी, फिजिओथेरपिस्ट: श्वास घेताना अडथळा देणारं छोटं उपकरणही असतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात रोज ३० श्वास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे केल्यावर वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला. अभ्यास ३६ जणांचाच होता, म्हणून त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं असेल तर श्वास मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सातपूर: ताई, रात्रपाळीत बीपी कधी मोजू?

पंचवटी: दादा, झोपून उठल्यावर, गोळी घेण्याआधी. आणि वहीत पाळीही लिहा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.