एएमडीच्या येणाऱ्या झेन ६ प्रोसेसरसाठी थांबू की आत्ताच नवा पीसी घेऊ?

वेंगुर्ला: मी दशावताराच्या प्रयोगांचं चित्रीकरण करतो. नाटक रात्रभर, आणि माझा २०१७ चा रायझन ५ १६०० प्रोसेसर फाइल एक्स्पोर्ट करायला दुसरा अख्खा दिवस घेतो. सहाच कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), तरी अजून झुंजतोय. एएमडीने सर्व्हरसाठी झेन ६ चा 'व्हेनिस' प्रोसेसर जाहीर केलाय: चिप बनवणाऱ्या टीएसएमसीची २ नॅनोमीटर प्रक्रिया, २५६ कोअरपर्यंत! डेस्कटॉपवर एका चिपलेटमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या चिपमध्ये) आठऐवजी बारा कोअर येतील, असा माझा अंदाज. थांबू का?

मालवण: थांबतस कित्याक? एएमडीच्या एएम५ सॉकेटचा (चिप बसते ती जागा) मदरबोर्ड घे. सॉकेट २०२२ चं, निदान २०२७ पर्यंत चालवू असं कंपनीनेच सांगितलंय. झेन ६ त्यावर बसला तर बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून फक्त चिप बदल.

रत्नागिरी: इंटेलचा नोव्हा लेक प्रोसेसरही येतोय. पण नवं सॉकेट लागेल अशी चर्चा आहे, म्हणजे बोर्डही नवा.

वेंगुर्ला: मग एएम५ च. पावसात लाइट जाते, सगळं इन्व्हर्टरवर, म्हणून वॅट मोजावे लागतात. रायझन ९ ७९०० ला १२ कोअर, टीडीपी (उष्णतेचं रेटिंग, त्यावरून विजेचा अंदाज येतो) ६५ वॅट. खाऱ्या हवेने कूलरचे स्क्रू गंजलेत, तेही बदलतो.

मालवण: ७९०० बेस्ट. रॅम ३२ जीबी तरी टाक.